आठ नंबरवरचं गाणं

“बंद कर गो ते गानं,” शेवंती म्हणाली. “डोकं उठलं माझं.”

“माझ्या हातात असतं तर मघाशीच बंद केलं असतं.”

गाणं वायरलेसच्या सेटमधून येत होतं. लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवतात तसलं हिंदी गाणं, ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला फाटणारं. दोन वाजत आले होते. दोनला मला बोटींची हजेरी घ्यायची होती, आणि गेली वीस मिनिटं आमच्या आठ नंबरच्या चॅनेलवर या गाण्याशिवाय काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. खारकोंड बंदरातल्या अकरा बोटी त्या दिवशी दर्यात होत्या.

ही चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि मच्छीमार सोसायटीचा वायरलेस सांभाळत होते. बर्फाच्या कारखान्यावर एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर सेट आणि फोन, आणि गच्चीवर चाळीस फुटी लोखंडी खांबाला बांधलेली एरियल. अलिबागच्या आयटीआयमधून रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेली बंदरातली मी एकटीच. तरी पोरगी असून ही नोकरी मला मिळाली, कारण सोसायटीचा चेअरमन हिराजी तांडेल हा माझा बाप होता. गावात सगळे तसं बोलत, आणि ते खोटं नव्हतं.

शेवंती माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नवरा दामा हा पोशा नाखवाच्या ‘भवानीप्रसाद’वर खलाशी होता. रोज दोनच्या हजेरीला ती वर यायची. पोशा नाखवा ‘सगलं बरं हाय’ म्हणाला की मागून दामा मुद्दाम मोठ्यानं खोकायचा. ते खोकणं ऐकायचं, लाजायचं आणि खाली उतरून कामाला लागायचं, असा तिचा नेम. दोन मुलींची आई झाली तरी तिचं लाजणं काही सुटलं नव्हतं.

“कंचा मेला हाय ह्यो?” तिनं विचारलं.

“कुणीतरी गुंडी बांधलीय.”

गुंडी बांधणं म्हणजे काय ते सांगायला हवं. सेटला माइक असतो आणि माइकला गुंडी असते. गुंडी दाबली की आपला आवाज लहरींवर स्वार होऊन एरियलमधून बाहेर पडतो. सोडली की दुसऱ्याचा ऐकू येतो. दोन्ही एकदम होत नाही. गुंडी दाबलेली असेतो तो सेट ठार बहिरा. आणि एकाच चॅनेलवर दोघांनी एकदम गुंडी दाबली, तर ज्याची लहर जोरकस त्याचं ऐकू येतं, दुसऱ्याचं खाली गाडलं जातं. आमच्या तांडेलांनी, म्हणजे बोटींच्या कप्तानांनी, यातून एक विद्या काढली होती. जाळ्याला चांगलं म्हावरं लागलं की आसपासच्या बोटींनी एकमेकींना हाका मारून तिथं गोळा होऊ नये, म्हणून गुंडीवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवायचं, माइक टेपरेकॉर्डरसमोर ठेवायचा आणि खुशाल जाळं ओढायचं. पंधरा-वीस मैलांतले सगळे सेट मग गाणी ऐकत बसायचे. बाकीचे तांडेल चिडायचेसुद्धा नाहीत. ‘कोनाचं तरी भाग्य उघारलं’ म्हणून हसायचे आणि आवाज बारीक करायचे, कारण आज त्याचं तर उद्या आपलं.

दुसरा चॅनेल लावावा म्हटलं तर तेही नाही. संकटात सापडलेल्यांसाठी सोळा नंबर असतो. तटरक्षक दलाचे लोक दिवसरात्र त्यावर कान लावून असतात. पण खलाशांनी चाळा करू नये म्हणून आमचे तांडेल खटका आठावर ठेवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळत. ती वर्षवर्ष निघत नसे. मी बोटीबोटीवर जाऊन घसा फोडून सांगितलं होतं. ‘शिकलेली पोर हाय, बोलनारच,’ एवढंच उत्तर मिळालं होतं.

शेवटी गेल्याच नारळी पुनवेला सोसायटीनं ठराव केला. जो गुंडी बांधेल त्याची बोट एक महिना किनाऱ्याला. टेबलावर मूठ आपटून तो ठराव मांडला माझ्या बापानं. मला त्या दिवशी त्याचा फार अभिमान वाटला होता.

दोन वाजले, दोन वाजून दहा मिनिटं झाली. आई भाकरीचं फडकं घेऊन वर आली. “जेव आधी. गानं काय पलून जातंय?” असं ती म्हणतेय तोवर सेटमध्ये खट्ट झालं, गाणं तुटलं, आणि त्या जागी एक माणूस ओरडताना ऐकू आला.

“...खारकोंड, खारकोंड! फली सुटली, पानी भरतंय, पंप बंद परला... आयकतंस का गो, खारकोंड...”

पुन्हा खट्ट झालं आणि दुसरं गाणं सुरू झालं.

चार-पाच सेकंदं असतील. कॅसेटची बाजू उलटायला लागतात तेवढीच. बाजू उलटताना रबर काढून तापलेल्या सेटला जरा दम द्यायची पद्धत होती. कुणीतरी झटकन बाजू उलटली होती आणि पुन्हा रबर चढवलं होतं.

मी माइक उचलून ओरडले. “मी खारकोंड बोलतेय! कोण बोट आहे? कुठं आहात? गुंडी सोडा, ज्यानं बांधलीय त्यानं गुंडी सोडा!” ओरडताना माझं मलाच कळत होतं की याचा उपयोग नाही. ज्याला मी शिव्या घालत होते त्याचा सेट माझी एक शिवी ऐकणार नव्हता.

“कोन होता तो?” शेवंतीचा चेहरा पांढरा पडला होता. “वैजू, आवाज कोनाचा होता?”

“कळलं नाही. घोगरा होता.”

“आपल्याच बंदराचा होता. खारकोंडला हाका मारत होता, ‘गो’ म्हनत होता.” ती उठली. “मी जेट्टीवर जाते. एखादी बोट असंल तर काढतील.”

जेट्टीवर बोट नव्हती हे तिलाही माहीत होतं. पण बसून राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती जिन्यावरून धावत गेली.

मी तटरक्षक दलाच्या ठाण्याला फोन लावला. फोनवरचे साहेब शांत होते, मराठी मोडकं पण स्पष्ट बोलत होते. गस्तीचं जहाज बाहेर आहे, लगेच वळवतो, जागा सांगा, म्हणाले.

“जागा माहीत नाही.”

“बोट कोणती?”

“माहीत नाही. अकरांतली एक.”

“बाई, जहाज पाठवायचं कुठे?”

मी काय सांगणार? जागा त्या बुडणाऱ्या माणसालाच ठाऊक होती, तो ती ओरडून सांगत होता, आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी वरातीचं गाणं दाबून धरलं होतं. माणूस भुकेपोटी काहीही करतो असं म्हणतात. ही भूक नव्हती. भरल्या जाळ्यातलं एक म्हावरं दुसऱ्याला मिळू नये, एवढंच होतं.

“बाई, फोन चालू ठेवा,” साहेब म्हणाले. “काही कळलं तर लगेच सांगा. जहाज मी तुमच्या बंदराकडे वळवतो.”

मी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. घड्याळाकडे पाहून मी हिशोब केला. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटं. पहिली उलटली दोन वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे पुढची खट्ट दोन चाळीसला. त्या पाच सेकंदांत काय करायचं, ओरडायचं की ऐकायचं? ओरडले तर तेवढ्यापुरती मीही बहिरी. ऐकत बसले तर गुंडीवाल्याला सावध करायची संधी गेली. आज इतक्या वर्षांनी सगळे सांगतात की तू केलंस ते बरोबर केलंस. मी स्वतः अजून ते मान्य केलेलं नाही.

मी ऐकायचं ठरवलं.

दोन चाळीसला गाणं संपलं. खट्ट. आता आवाज आधीपेक्षा बारीक होता; बॅटरीपर्यंत पाणी पोचलं असणार.

“...भवानीप्रसाद... बावीस वाव... मानूस पान्यात...”

खट्ट. पण या वेळी गाणं लगेच लागलं नाही. माइक चालू झाला होता आणि टेप अजून सुरू व्हायची होती. मधे इंजिनाची धडधड आली, दोरांची करकर आली, आणि एक आवाज आला.

“पोशाच बोंबलतोय. बोंबलू दे. बघ बघ, बावटा पन हालवतोय. आज नाय मिलायचं तुला पापलेट. रबर नीट चरव रं.”

मग गाणं.

आमच्याकडे जाळं ओढताना शेजारच्या बोटीनं बावटा हलवला तर त्याचा एकच अर्थ होतो: लागलं का म्हावरं, येऊ का आम्ही? बुडणाऱ्या पोशा नाखवानं काठीला सदरा बांधून हलवला होता. माझ्या बापाला तो म्हावरं मागताना दिसला.

हो, तो माझा बाप होता. आम्ही त्याला बा म्हणायचो. तो आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

आईनं भाकरीचं फडकं घट्ट धरून ठेवलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी काय आयकलं नाय. तू पन काय आयकलं नाय.”

“आये, तिथं सात माणसं आहेत.”

“हायत ना. सायेब सोधतील. जहाज हाय त्यांचं.”

“कुठं शोधतील? दर्या काय खळं आहे?”

मी काय करणार हे तिच्या ध्यानात आलं होतं. ‘भवानीप्रसाद’ कुठं आहे हे मला माहीत नव्हतं, पण बाची ‘सागरलक्ष्मी’ कुठं आहे हे आता मला माहीत होतं. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती. बावीस वाव खोली. पापलेट. या तिन्ही गोष्टी एकाच जागी जुळतात, आणि ती जागा जगात दोनच माणसांना ठाऊक होती.

ती जागा माझ्या आज्यानं शोधलेली. त्यानं मरताना बाच्या कानात सांगितली. आमच्या बंदरात प्रत्येक घराची अशी एखादी जागा असते. ती शेजाऱ्याला सांगत नाहीत, जावयाला सांगत नाहीत, बायकोलाही सांगत नाहीत. मला भाऊ नाही. मी अकरा वर्षांची असताना बानं मला बोटीवर घेतलं, अडीच तास बाहेर नेलं आणि खांदे धरून किनाऱ्याकडे वळवलं. “बग. कनकीच्या डोंगराची खिंड दीपगृहाच्या बरोबर डोक्यावर आली पायजे. आनि इकरं भैरीचा सुलका काल्या खरकाच्या मागं अर्धा लपला पायजे. दोनी जुललं की नांगर टाक. पोरगी असलीस तरी तूच माझा पोरगा.” मी ते पाठ केलं. ते मला कधी विसरता आलं नाही.

मी फोनकडे हात नेला. आईनं रिसीव्हरवर तळहात ठेवला.

“जागा सांगतंस तू त्याची?”

“हात काढ.”

“मना पन नाय सांगितली त्यानं. तीस वरसं झाली लग्नाला. माझ्या भावाला नाय सांगितली. तुला सांगितली. आनि तू ती फोनवर परक्याला सांगतंस?”

“आये, हात काढ नाहीतर मी तो मुरगाळीन.”

असं मी माझ्या आईला म्हणाले. तिनं हात काढला. पुढचं ऐकायचं नाही म्हणून ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून बसली.

मी साहेबांना डोंगर सांगितला, खिंड सांगितली, दीपगृह, सुळका, खडक. पलीकडे नकाशावर पट्टी सरकल्याचा आवाज आला. एक रेघ, मग दुसरी. “बावीस वाव म्हणजे चाळीस मीटर,” ते स्वतःशीच म्हणाले. “बरोबर बसतंय. सव्वा तासात पोचतो. तुम्हाला ही जागा कशी माहीत?”

“माझ्या घरातली आहे,” मी म्हणाले.

सव्वाचारला फोन आला. बोट बुडाली होती. फळ्या आणि तेलाचे डबे धरून तरंगणारी सहा माणसं सापडली होती.

“सात होते,” मी म्हणाले.

“सहा आहेत. शोधतोय.”

सातवा दामा होता.

संध्याकाळी पावणेसहाला सहा जणांना घेऊन गस्तीच्या जहाजाची लहान होडी जेट्टीला लागली. सगळं बंदर जमलं होतं. शेवंती सगळ्यांत पुढे. तिनं एकेकाचं तोंड पाहिलं, सहाही पाहिली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागली. तिच्या सासूनं तिला मागं ओढलं.

आणि पंधरा-वीस मिनिटांनी, उन्हं कलत असताना, ‘सागरलक्ष्मी’ आली. पाण्यात इतकी खाली बसलेली बोट मी आजवर पाहिली नव्हती. बा नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा होता, डोक्याला लाल फडकं बांधून.

“बरफ काढा रं!” तो लांबूनच ओरडला. “पाट्या आना! आज हाय नाय त्या सगल्या पाट्या आना!”

कुणीही हललं नाही. बोट धक्क्याला लागली. दोर कुणी झेलला नाही म्हणून त्याच्याच खलाशानं उडी मारून बांधला. बा उतरला, आजूबाजूला पाहिलं, आणि मग त्याला कांबळं पांघरून बसलेला पोशा नाखवा दिसला.

“पोशा? काय झालं रं?”

पोशा नाखवा साठीचा माणूस. त्याचा आवाज बसला होता, तरी त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. “तुझ्यापासून मैलभर नव्हतो हिराजी. वायरलेसवर बोललो, बावटा दाखवला. तू हात हालवलास आमाला. मग दामा बोलला, तांडेल, मी पोहत जातू, त्यांना आनतू. कमरेला रिकामा डबा बांधला नि गेला. अर्ध्यावर गेला आनि तू इंजिन चालू करून निंगालास.”

“मी बगला नाय,” बा म्हणाला. “आईच्यान, मी बगला नाय त्याला.”

“गानं कोनाचं होतं?”

बानं ओठ चाटले. सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “माझ्या माइकची गुंडी अरकली होती. मना कललंच नाय. टेप चालू होता केबिनमधी, तोच गेला असंल. यंत्र हाय. यंत्राला काय करनार?”

खरं सांगते, लोकांना ते हवंच होतं. माझ्या डोळ्यांसमोर चेहरे सैल झाले. त्या जमावात असा एक तांडेल नव्हता ज्यानं कधी ना कधी गुंडी बांधली नव्हती. त्या दिवशीसुद्धा नऊ बोटींनी ते गाणं तासभर ऐकलं होतं आणि आवाज बारीक केला होता. गुंडी अडकली म्हटलं की सगळेच सुटत होते.

“गुंडी अरकते म्हना कंदी कंदी,” कुणीतरी बोललं.

“वैजूला इचारा. ती शिकलीय त्यातलं.”

सगळे माझ्याकडे वळले. बासुद्धा. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, त्याची माझ्याबद्दल खात्री होती. ती खात्री बघूनच माझं टाळकं सरकलं.

“अडकते,” मी म्हणाले. “खारं पाणी गेलं की गुंडी अडकते, मी पाच-सहा दुरुस्त केल्यात. पण अडकलेली गुंडी कॅसेटची बाजू उलटायच्या वेळी आपोआप सुटत नाही, आणि उलटून झाल्यावर आपोआप पुन्हा अडकत नाही. ही दोनदा सुटली. बरोबर तीस मिनिटांच्या अंतरानं. आणि दुसऱ्या वेळी हा म्हणाला, पोशा बोंबलतोय, बोंबलू दे, रबर नीट चढव. मी ऐकलं. आयेनंही ऐकलं.”

आई तिथं होती. तिनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पदरात तोंड खुपसून ती घराकडे चालू लागली, आणि त्यातच सगळ्यांना उत्तर मिळालं.

बाच्या अंगावर कुणी हात टाकला नाही. टाकला असता तर बरं झालं असतं. महिनाभर बोट किनाऱ्याला, असं सांगून लोक पांगले. एवढंच. टेबलावर मूठ आपटून केलेला ठराव होता ना.

घरी बा ओसरीवर बसला होता. मी आत जाताना त्यानं हाक मारली. मला वाटलं आता मारणार. मी तयारच होते. मारलं असतं तर मीही हात उचलला असता, इतकी मी पेटले होते.

“जागा सांगितलीस,” तो म्हणाला.

मी उंबरठ्यावरून मागे वळले.

“गुंडीचं बोललीस ते बोललीस. चुकलं माझं. पन जागा? माझ्या बापानं कानात सांगितलेली जागा. मना आवाज द्यायचास. मी गेलो असतो ना त्यांना काढायला. मी काय राक्षस हाय?”

“आवाज द्यायचा?” मी ओरडले. गल्लीभर ऐकू गेलं असेल. “कशावर देऊ? घसा फाटेस्तोवर आवाज दिला! तुझा सेट बहिरा होता, बा! तूच बहिरा केलास! तुझी पोरगी तुला हाका मारत होती आणि तू गाणं लावून बसला होतास!”

तो मान खाली घालून पुटपुटला, “आता ती जागा सगल्या गावाची.”

दामाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मी त्यानंतर त्याच्याशी किती वर्षं बोलले नाही ते सांगण्यात अर्थ नाही. त्याला ते फारसं जाणवलं असं मला वाटत नाही.

पण तो जागेबद्दल म्हणाला ते खरं ठरलं. दामाचं अंग मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बोटी शोधायला निघणार असं ठरलं, आणि शोधायचं कुठं ते कळावं म्हणून मी स्वतः सोसायटीच्या फळ्यावर खडूनं ती जागा लिहिली. खिंड, दीपगृह, सुळका, खडक, सगळं ठळक. आठ-नऊ तांडेल फळ्यासमोर उभे राहून ते वाचत होते. वाचता न येणाऱ्यांना दुसरे वाचून दाखवत होते. मला तेव्हा भरून आलं. माणसं वाईट नसतात, असंच मनात आलं.

दोनला मी हजेरी घेतली. चॅनेल अगदी स्वच्छ होता. नऊच्या नऊ बोटींनी उत्तर दिलं. “शोधतोय,” म्हणाले. “काय दिसत नाय अजून.” शेवंती माझ्या शेजारी बसली होती. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू. अंग मिळेपर्यंत सुतक धरायचं नाही, असं तिनं सासूला ठणकावलं होतं. प्रत्येक बोटीचं उत्तर आलं की ती थोडं थांबायची, मागून काही ऐकू येतं का ते बघायची, आणि मग मला मानेनं पुढची बोट घ्यायला सांगायची.

साडेचारला बोटी परत आल्या. आम्ही दोघी खाली धावलो. पहिली बोट लागली. दोर बांधला. तांडेल शेवंतीकडे बघून मान हलवत म्हणाला, “नाय गावला गो बाय.” आणि त्याच्या मागं खलाशांनी खणाचं झाकण उघडलं. आत पापलेट होती. काठोकाठ, बर्फ घालायला जागा नाही इतकी. दुसरी बोट लागली. तिच्यातही तेच. तिसरी, चौथी. नऊच्या नऊ बोटी दामाला शोधायला जाळी घेऊन गेल्या होत्या.

पाट्यांची रांग लागली. कोळणी खाली उतरल्या, बर्फाच्या गाड्या आल्या, आरडाओरडा सुरू झाला. बंदर इतकं खुशीत मी सणालासुद्धा पाहिलं नव्हतं. लोक शेवंतीच्या बाजूनं, तिला धक्का लागणार नाही असं बघून जात-येत होते.

पोशा नाखवा एका भाच्याच्या बोटीवर गेला होता. काल ज्याला पाण्यातून ओढून काढलं तो आज तिथंच जाळं टाकून आला होता. तो केळीच्या पानात गुंडाळलेली चार मोठी पापलेट घेऊन शेवंतीसमोर आला, खाली वाकला आणि तिच्या ओंजळीत ठेवत म्हणाला, “दामाचा वाटा हाय, पोरी.”

खलाशी आजारी असला, घरी राहिला, तरी त्याचा वाटा घरी पोचवायचा, ही आमच्याकडची रीत. चांगली रीत आहे. पण त्या क्षणी मला समोर काही दिसेना. मी शेवंतीच्या हातातली ती पापलेट हिसकावून घेतली आणि सगळ्यांच्या देखत धक्क्यावरून खाली फेकली. ओहोटी होती, खाली नुसता चिखल होता. “लाज वाटते का रे तुम्हाला?” मी किंचाळले. “त्याच्या अंगावर जाळी टाकून आलात! त्याच्या अंगावर!”

पाट्या जिथल्या तिथं थांबल्या. कुणी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, आता शेवंती माझ्या गळ्यात पडून रडेल.

शेवंतीनं लुगड्याचा काष्टा वर खोचला. ती धक्क्याच्या पायऱ्या उतरली आणि गुडघाभर चिखलात शिरली. एक पापलेट सापडलं, ते तिनं पदरात घेतलं. दुसरं सापडलं. तिसरं रुतलं होतं, ते तिनं हातानं उकरून काढलं. चौथ्यासाठी तिला बराच आत जावं लागलं. सगळं बंदर उभं राहून बघत होतं. चारही घेऊन ती वर आली, खांबापाशी साचलेल्या पाण्यात तिनं ती एकेक करून धुतली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“राग तुझा हाय,” ती म्हणाली. “वाटा माझ्या दामाचा हाय. घरी दोन पोरी जेवायच्या हायत.”

मग ती पोशा नाखवाकडे वळली आणि विचारलं, “उद्या किती वाजता जाल?”